नावे

जुन्या जालन्यात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं
आणि मी दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला
समुद्र ओलांडतो.

बसल्या जागी. औद्योगिक वसाहतीत, बियाण्याच्या गोदामावरच्या
दुसऱ्या मजल्यावर, कूलरकडे पाठ करून
एक बीजक घेतो नोंदीला :
'रत्नकळा-नऊ' हे नाव वापरल्याबद्दल
विक्रीतले शेकडा एकतीस.

बी इथलंच. दाभाडीच्या पुढच्या रानात
पद्मीनबाई आणि तिच्या दोघी जावा
आदल्या सांजेला कळी सोलून लाल कागद लावून ठेवतात,
सकाळी नराचं फूल तिला टेकवतात, एकेकीला, हलकेच,
हळदीच्या दिवशी गालाला लावतात तसं.
बोटांचं पिवळं जेवतानाही जात नाही.
पण बियाचं नाव दाभाडीचं नाही.
नाव राहतं बेटावर.

बेट मी पाहिलेलं नाही.
पत्ता पाठ आहे : टपालपेटी एकशे सत्तर.
त्याच पेटीत म्हणे अजून बाराशे कंपन्या राहतात,
कुणाचा कुणाला धक्का लागत नाही.

रुजू झालो त्या आठवड्यात साहेब म्हणाले होते,
"टेकाळे, चोरी वेगळी आणि नियोजन वेगळं.
चोराला कायदा माहीत नसतो."
मी हसलो होतो. पगार नवा होता.

बेटावरच्या कंपनीचे संचालक : रुस्तुम खरात.
आमचे ड्रायव्हर. सही करताना जिभेचं टोक बाहेर येतं त्यांच्या.
"मामा, कशावर सही करताय माहितीये का?"
"तुमी बोट ठिवलं त्याच्यावर."

रात्रीच्या कॉलेजात कीर्द-खतावणी शिकवणारे सर सांगायचे,
प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू, जमा आणि नावे,
आणि एक बाजू दिसत नसली
तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत बघायची.
मला तेव्हा ती फक्त परीक्षेची युक्ती वाटली.

मार्चात महापालिकेची माणसं हलगी घेऊन गल्लीत आली.
यास्मीन आपांच्या दारात थांबली. शिवणयंत्र बंद पडलं.
थकबाकी तीन हजार एकशे चाळीस.
पोरं जमली, एकदोघं नाचलीसुद्धा.
हलगीवाला ओळखीचाच, मान खाली घालून वाजवत होता,
वाजवून झालं तसं त्यानं पाणी मागितलं
आणि आपांनी दिलं,
सातव्या दिवशीचं, तळाचं.

मी उंबऱ्यात उभा. मनात हिशेब केला नाही.
खोटं. केला.
एका अठ्ठावीस तारखेला सरकारचं जे बुडतं तेवढ्यात
अख्ख्या गल्लीची पट्टी, माझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत.
मग घरात आलो, कॅलेंडरचं पान उलटलं,
कारण त्याच्यामागं मी आकडा लिहिला होता.

रुस्तुममामांना एकदा गाडीत सांगून टाकलं.
ते बराच वेळ गिअरवर हात ठेवून होते.
"तिथं पानी कितव्या दिवशी येतं?"
चहूकडून पाणीच आहे, मामा.
"आन् हलगी?"
तिथं हलगी नाही.
"मंग मला तिकडं मालक करून
इथं कामून ठिवलंय?"
सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला.

परवा गोदामात बी घालायला पद्मीनबाई आली होती.
पोत्यावर हात मारून म्हणाली, "थोरलीचं जरा हलकं उतरलंय औंदा."
थोरलीचं?
थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या साली
पहिल्यांदा केलं होतं हे बी. तेव्हापासून ती तसंच म्हणते,
जावाही तसंच म्हणतात, आता तर वजनकाट्यावरचा पोरगाही.
रत्नकळा हा शब्द तिनं कधी ऐकलेला नव्हता.

हे नाव कुठं नोंदलेलं नाही.
त्याचं भाडं कुणाला जात नाही.
ऑफिसात मी हे अजून बोललेलो नाही.
तेही होडीत बसेल, आणि बीजक
मलाच करावं लागेल.